गुलाल लागलेली डिस्क

गैबी शिकलगार कामाला बसले की आधी टेबलावर एक पांढरं फडकं अंथरतात. जो स्क्रू आधी निघेल तो डावीकडे, त्याच्यानंतरचा त्याच्या शेजारी, अशी रांग लावत जातात. बघणाऱ्याला वाटावं, माणूस पत्त्यांचा डाव मांडतोय. पण त्या फडक्यावरचा क्रम कुणी मोडला, तर एरवी मुंगीलाही न दुखावणारे गैबीभाई जागेवरून उठून बाहेर जातात आणि राग निवल्यावरच परत येतात.

ही सवय त्यांच्या उस्तादांची. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आकाराम मिस्त्रींचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. गैबीभाई बारावीला दुसऱ्यांदा आपटले आणि तिथं चिकटले. मिस्त्री बोलायचे कमी. पण जे एक वाक्य त्यांनी आठवड्यातून चार वेळा ऐकवलं, ते गैबीभाईंच्या हाडात मुरलं. "गैब्या, जे शेवटी निघालं ते पहिल्यांदा बसतं आणि जे पहिल्यांदा निघालं ते शेवटी. एवढं पाळलंस तर कुठलंच यंत्र तुझ्यावर रुसायचं न्हाई."

पुढे टाइपरायटर गेले. गल्लीतले बरेच कारागीर त्यांच्याबरोबरच गेले. कुणी रिक्षा घेतली, कुणी मुलाच्या दुकानात बसला. गैबीभाईंनी डिक्शनरी घेतली. प्रिंटरबरोबर येणारं इंग्रजी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, अगदी 'यंत्रावर पाणी सांडू नये' हेसुद्धा, असा त्यांचा नेम. प्रिंटरवरून यूपीएस, यूपीएसवरून सर्व्हर, असे ते चढत गेले. आज सत्तावन्नाव्या वर्षी जिल्ह्यातल्या सात-आठ संस्थांच्या यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. मुलगी मेहक हुपरीच्या शाळेत शिकवते. बायको बिबीजान म्हणते, "ह्यांना सुट्टी दिली तर घरातला मिक्सर खोलून बसतात." त्यावर गैबीभाई म्हणतात, "खोलतो, पण बसवतो बी." त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांची तक्रार म्हणाल तर एवढीच, की हल्लीच्या यंत्रांना स्क्रू कमी झाले.

या सगळ्या संस्थांत त्यांचा जीव अडकलेला असतो तो गडहिंग्लजच्या अलीकडच्या उगवाई सहकारी साखर कारखान्यात. तिथली सर्व्हरची जोडी अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः उभी केली. कुणाच्या शेतात लागण, म्हणजे उसाची लागवड, कधी झाली, ऊस कुठल्या जातीचा, त्यानुसार तोडणीची पाळी कितवी, हे सगळं त्या जोडीच्या पोटात. पाळी एका आठवड्याने मागे गेली तर गावात भाऊ भावाशी बोलत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या नोंदीचं मोल सांगावं लागत नाही.

जोडीची रचना साधी आहे. दोन सर्व्हर शेजारी शेजारी आणि दोघांच्या मध्ये सहा डिस्कचं एक सामाईक कपाट. एक सर्व्हर काम करतो, दुसरा त्याच्यावर डोळा ठेवून बसतो. पहिला पडला की दुसरा कपाट हातात घेतो आणि काम पुढे चालतं. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक अ‍ॅडॅप्टर म्हणजे एक कार्ड असतं. डिस्कवर काय लिहायचं, कसं वाटून लिहायचं, हे ते कार्ड ठरवतं. सहा डिस्कवर मजकूर असा वाटलेला असतो, की एखादी गेली तर उरलेल्या पाचांवरून तिच्यातला मजकूर काढता येतो. शाळेत आपण करायचो तसंच. सहा आकड्यांची बेरीज दिलेली असली तर पुसलेला एक आकडा सापडतो. दोन पुसले की गणित सुटत नाही.

कारखान्यातल्या शिपायाने, ज्ञानू चौगुलेने, त्या दोन सर्व्हरना पहिल्या दिवसापासून 'थोरला' आणि 'धाकटा' अशी नावं ठेवली होती. ज्ञानू हंगामी कामगार. एकोणीस हंगाम झाले तरी हंगामीच. हंगाम संपला की कागदावर सुटायचा आणि पुढच्या हंगामाला कागदावर लागायचा. मधले महिने फुकट येऊन सर्व्हरच्या खोलीची फरशी पुसायचा. "यंत्राला धूळ लागली तर गैबीभाई मला फाडून खातील," असं तो सांगायचा. वास्तविक गैबीभाईंनी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मात्र संचालक मंडळाने अकरा हंगामी कामगारांना कायम करायचं ठरवलं. त्यात ज्ञानूचं नाव होतं. सह्या होऊन आदेश तयार झाले होते आणि ते दसऱ्याच्या दिवशी सकाळी द्यायचे होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात टर्बाइनपासून टाचणीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. सर्व्हरच्या पूजेची रीत गैबीभाईंनी बांधून दिली होती. आधी थोरला बंद करायचा, पुसायचा, हार घालायचा, चालू करायचा. मग धाकटा. कपाटाला हात नाही. दरवर्षी ते स्वतः त्या दिवशी हजर असायचे. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा द्यायला नेमकी त्याच सकाळची वेळ दिली. गैबीभाईंनी ज्ञानूला फोन केला, "रीत ठाऊक हाय न्हवं?" ज्ञानू म्हणाला, "झोपेत बी सांगीन की."

साडेअकराला ते दवाखान्यातून बाहेर पडतात तोच स्वप्नालीचा फोन आला. स्वप्नाली कारखान्याच्या संगणक विभागात काम करते. सहसा घाबरत नाही.

"चाचा, दोन्ही गेले."

"दोन्ही कसे जातील? एक गेला तर दुसरा उचलतो."

"थोरला पूजेसाठी बंदच आहे. धाकटा चालू आहे, पण कपाट गेलंय. सहा डिस्कपैकी दोन मेल्यात म्हणून दाखवतंय."

गैबीभाईंनी नवा चष्मा खिशात ठेवला आणि एसटी स्टँड गाठलं.

*

ते पोचले तेव्हा दीड वाजला होता. कारखान्याच्या फाटकाला झेंडूची तोरणं, वजनकाट्याला ऊस बांधलेला, सगळीकडे उदबत्तीचा वास. सर्व्हरच्या खोलीत मात्र सुतक असल्यासारखी माणसं उभी होती. मध्ये कार्यकारी संचालक अमरसिंह इंगवले, कमरेवर हात ठेवून. भिंतीला टेकून ज्ञानू.

"या शिकलगार," अमरसिंह म्हणाले. "तुमच्या जोडीनं जोडीनंच मान टाकली बघा."

"बॅकअप कधीचं?" गैबीभाईंनी स्वप्नालीला विचारलं.

"आठ दिवसांपूर्वीचं. आजचं पूजेनंतर घ्यायचं होतं."

तिथंच खरी गोम होती. लागणीच्या तारखांवरच्या हरकतींची मुदत त्या दिवशी दुपारी बारापर्यंत होती. गेले आठ दिवस गटागटांच्या कार्यालयांतून दुरुस्त्या थेट सर्व्हरवर भरल्या जात होत्या. अकराशेच्या वर शेतकरी. कारखान्याने त्या वर्षी मोठ्या हौसेने कागद बंद केला होता, त्यामुळे मागे चिठ्ठी नाही की चपाटी नाही.

"पुण्याच्या कंपनीला फोन लावला होता," स्वप्नाली म्हणाली. "ते म्हणाले, सगळं पुसून नव्यानं मांडा आणि जुनं बॅकअप भरा."

"आणि अकराशे लोकांना मी काय सांगू?" अमरसिंहांनी विचारलं. "तुमची हरकत देवाला वाहिली म्हणून?" मग ते ज्ञानूकडे वळले. "खोलीत सकाळपासून हा एकटाच होता. विचारतोय तर म्हणतोय, मी काय केलंच न्हाय. आपोआप मेल्या काय रे दोन-दोन?"

"मी लांबनंच पूजा केली सायेब," ज्ञानू म्हणाला. त्याची नजर फरशीवर होती. "कपाटाला माझा हात लागल्याला न्हाय."

"बघ हां. उद्याचा तुझा कागद माझ्या टेबलावर आहे. नोंद परत आली तर ठीक. नाही आली आणि तुझं काही निघालं, तर तो कागद मी फाडणार. आणि आजपासूनच घरी बसायचं, हंगामी म्हणून बी नाही."

"मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या," गैबीभाई म्हणाले. "तोवर कुणी काही पुसू नका, आणि थोरल्याला कुणी हात लावू नका. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो जागा झाला तर जुनंच चित्र खरं मानून बसेल."

अमरसिंह गेले. गैबीभाईंनी धाकटाही बंद केला, कपाटाची वीज काढली, टेबलावर फडकं अंथरलं आणि मेलेल्या म्हणून दाखवलेल्या दोन डिस्क, तिसऱ्या आणि चौथ्या घरातल्या, बाहेर काढून त्याच्यावर ठेवल्या. खिशातून जुनी वही काढली. आठ वर्षांपूर्वी कुठल्या घरात कुठल्या नंबरची डिस्क बसवली ते त्यात लिहिलेलं होतं.

तिसऱ्या घरात चौथ्याची डिस्क होती आणि चौथ्या घरात तिसऱ्याची.

म्हणजे या दोन डिस्क कुणीतरी बाहेर काढल्या होत्या आणि परत बसवताना अदलाबदल झाली होती. डिस्क मेल्या नव्हत्या. चालू कपाटातून ओढल्यामुळे कार्डाने त्यांना मेल्या म्हणून धरलं होतं. ज्ञानू दाराशी उभा होता. त्याने वही पाहिली, डिस्क पाहिल्या आणि तो व्हरांड्यात गेला.

गैबीभाईंना हायसं वाटलं. पण ते अर्धंच. कारण आता खरा प्रश्न उभा राहिला होता: दोघींतली आधी कुठली निघाली?

पहिली निघाली तेव्हा बाकीच्या पाच चालू होत्या आणि गटांतून दुरुस्त्या येतच होत्या. त्या पाचांवर लिहिल्या गेल्या. बाहेर असलेलीला त्यांचा पत्ताच नाही. मग दुसरी निघाली आणि सगळं तिथंच थांबलं. म्हणजे दुसरीत शेवटच्या क्षणापर्यंतचा मजकूर होता. गैबीभाईंनी कार्डं बसवतानाच त्यांना सांगून ठेवलं होतं, की आलेलं लगेच डिस्कवर उतरवायचं, मनात धरून ठेवायचं नाही. दोन सर्व्हरांनी एकच कपाट वापरायचं तर हे पाळावंच लागतं. तेव्हा उशिरा निघालेली डिस्क खरी मानून आत घेतली की नोंद जशीच्या तशी उभी राहणार. पण चुकून आधी निघालेली आत घेतली, तर ताज्या वहीत जुनी पानं शिवल्यासारखं होणार आणि सगळीच वही बाद. पडद्यावर फक्त 'मृत, मृत' एवढंच. कोण कधी गेलं याची टिपणं कपाटातच होती, आणि कपाट बंद.

त्यांनी जुनं भिंग डोळ्याला लावलं. टाइपरायटरच्या अक्षरांत साचलेली शाई काढायला हे भिंग त्यांना मिस्त्रींनी दिलं होतं. डिस्कच्या तोंडाशी हवा जायला बारीक जाळी असते. दोन्ही डिस्क कुणीतरी घाईने पुसलेल्या होत्या. पण जाळीच्या खोबणीत एकीला लाल कण अडकले होते, शेजारी थोडी हळद. दुसरीच्या जाळीत लाल नव्हतं, गुलाबी होतं.

गैबीभाईंनी बारीक ब्रशने ते गुलाबी कण फडक्यावर झटकले आणि बराच वेळ बघत बसले. रंग दोन का, हे त्यांना कळेना. एवढं मात्र कळत होतं, की हे एकाच माणसाला विचारता येईल.

*

कँटीन सणामुळे रिकामं होतं. गैबीभाईंनी दोन चहा सांगितले. ज्ञानू समोर बसला, पण पेल्याला हात लावेना.

"घे की. गार होईल."

"भाई, तुम्ही बी मलाच धरणार हाय ठावं मला."

"मी कुणाला धरत न्हाई. तुला एक गोष्ट सांगायची हाय, ती आजवर कुणाला सांगितलेली न्हाई. बिबीजानला सुद्धा."

ज्ञानूने मान वर केली.

"ही जोडी मी बसवली तेव्हा दोन दिवस चालली न्हवती. आठवतं?"

"आठवतं की. तुम्ही म्हणालतासा वायर खराब हाय म्हणून. कोल्हापूरला माणूस पाठवून दुसरी वायर आणली."

"वायर चांगली होती."

"आँ?" ज्ञानू म्हणाला.

"थोरल्यात एक कार्ड, धाकट्यात एक. दोघांची वायर त्याच एका कपाटाला. त्या वायरीवर प्रत्येकाला आपला नंबर असतो, वर्गातल्या हजेरीसारखा. कंपनीतनं येताना दोन्ही कार्डांचा नंबर सात. माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, एकाचा सहा करा. त्या रात्री मी पुस्तक पुरं वाचलं न्हाई. सगळं येतं म्हणून बसलो. दोन्ही सातच राहिले. कपाट 'सात नंबर' म्हणून हाक मारी आणि दोघं एकदम 'हजर' म्हणत. मग कपाट गप्प."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी पान उघडलं. एकाचा सहा केला. प्रत्येकाला स्वतःचं नाव दिलं, जोडीदाराचं नाव दिलं. अर्ध्या तासात चालू. तोवर नवी वायर पण आली होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, बघा, वायरच होती. मी म्हटलं, व्हय." गैबीभाईंनी चहाचा घोट घेतला. "आठ वर्षं झाली. ती जुनी वायर अजून माझ्या घरी हाय. टाकवत न्हाई. चांगल्या वायरीवर मी आळ घेतला."

ज्ञानूने पेला पुढे ओढला. मग हसला. "आयला भाई. तुम्ही?"

"मीच की. तेव्हा मला काय वाटलं असंल ते तुला आज कळतंय. तुझा कागद टेबलावर हाय. मला तुझ्याकडनं गुन्हा कबूल करून घ्यायचा न्हाई, मी पोलीस न्हाई. मला फक्त क्रम पाहिजे."

"क्रम कसला?"

"कुठली आधी काढलीस. एवढंच. ते कळलं तर तुझी नोंद, साहेबांची नोंद, सगळ्यांची नोंद परत येते. न्हाई कळलं तर मी रुपया उडवायचा."

ज्ञानूने दोन्ही हातांनी पेला धरला.

"तुम्हीच म्हणालतासा," तो म्हणाला. "मागच्या वर्षी. मी विचारलं, एवढी यंत्रं हायत, नेमकी नोंद कुठं असती? तुम्ही म्हणालासा, जीव त्या डिस्कात हाय, बाकी सगळा देह."

"म्हणालो होतो."

"मग मी म्हटलं, आपण दरसाल देहाला हार घालतोय आणि जिवाला कोण पुसत न्हाय. एकोणीस वर्सांनी कायम व्हायलोय. यंदा जिवाची पूजा करायची. थोरला बंद केला. मला वाटलं, थोरला बंद म्हंजे सगळं बंद. कपाटाला किल्ली लटकल्यालीच हुती. दांडी ओढली, अल्लाद बाहेर आली. पुसली, पूजा केली, ताटात ठेवली. तेवढ्यात कपाट टीं टीं करायला लागलं."

"मग?"

"मला वाटलं, घंटी वाजवतोय, पूजा पावली." ज्ञानूने कपाळावर हात मारला. "म्हणून दुसरी काढली. तवा स्वप्नालीताई तिकडनं वरडल्या, सगळं गेलं म्हणून. मी दोन्ही पुसून गपागपा आत घातल्या. कुठली कुठं, डोळ्यापुढं अंधारी आलती. खरंच आठवत न्हाय भाई. दोन्ही एकासारख्या दिसत्यात."

"एकीला लाल लागलंय आणि एकीला गुलाबी."

ज्ञानूचा हात पेल्यावर थांबला.

"गुलाबी म्हंजे गुलाल," तो म्हणाला. "चैत्राच्या यात्रेला जोतिबाला जातोय न्हवं दरसाल, तिथनं पुडी आणून ठेवतोय. आमच्यात कशाची बी पूजा असू दे, पहिला मान नाथाचा, जोतिबाचा. पहिल्या वस्तूला गुलाल, बाकीच्यांला हळद-कुंकू. विळा असू दे न्हायतर बैल असू दे. माझा बा तसं करायचा, त्याचा बा तसं करायचा."

"म्हणजे गुलाल जिला, ती पहिली."

"त्यात बदल न्हाय. हात तुटला तरी कुंकू आधी लागायचं न्हाय."

"चुकून सुद्धा?"

"भाई, तुम्ही नमाजाला बसताना पश्चिम चुकता का?"

गैबीभाई हसले. "चहा पी आता. खरंच गार झाला."

*

पावणेचार वाजले होते. गैबीभाईंनी दोन्ही डिस्क वहीप्रमाणे आपापल्या घरात बसवल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच नवा चष्मा डोळ्याला लावला. कपाटाला वीज दिली. सहाही डिस्क फिरायला लागेपर्यंत थांबले. मग एकटा धाकटा चालू केला आणि तो पूर्ण जागा व्हायच्या आत त्याच्या कार्डाचा पडदा उघडला. चार हिरव्या, दोन लाल.

कुंकवाच्या डिस्कवर बोट ठेवून त्यांनी स्वप्नालीला दाखवलं. "ही शेवटी निघालेली. ही पहिल्यांदा बसणार."

"आणि चुकलं तर, चाचा?"

"माझ्या उस्तादांचं आजवर चुकलेलं नाही. ज्ञानूच्या आज्ज्याचंही चुकायचं नाही."

त्यांनी कार्डाला हुकूम दिला, की हिला मेलेली धरू नकोस, जिवंत म्हणून आत घे. कार्डाने विचारलं, नक्की? गैबीभाईंनी एकदा ज्ञानूकडे पाहिलं आणि 'हो' दाबलं. पाच हिरव्या झाल्या, एक लाल राहिली.

धाकटा जागा व्हायला सहा-सात मिनिटं घेतो. तेवढ्यात अमरसिंह येऊन मागे उभे राहिले होते. ज्ञानू ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता.

नोंदीचा पडदा उघडला. पण पडदा उघडणं वेगळं आणि नोंद खरी असणं वेगळं. गैबीभाईंनी स्वप्नालीला नांगनूर गटाच्या कारकुनाला फोन लावायला सांगितला. यंत्र बंद पडायच्या आधी शेवटची दुरुस्ती त्याने कुणाची भरली होती?

"धोंडुबाई सुतार," स्वप्नालीने फोन धरूनच सांगितलं. "आडसाली लागण. बारा ऑगस्टची बारा जुलै केली. अकरा-चौदाला."

"काढ."

स्वप्नालीने नाव टाइप केलं. धोंडुबाई सुतार. आडसाली. बारा जुलै.

"हाय," ज्ञानू म्हणाला आणि त्याने पडद्याला हात जोडले.

मग गैबीभाईंनी गुलालाची डिस्क आत घेतली, पण जाणती म्हणून नाही, अडाणी म्हणून. बाकीच्या पाचांनी तिला पहिल्यापासून सगळं शिकवायचं, असं कार्डाला सांगितलं. पडद्यावर एक टक्का उमटला. शंभर व्हायला सकाळ होणार होती. त्यानंतर थोरल्याला उठवून त्याच्या कार्डाला नवं चित्र वाचायला लावायचं, की जोडी पुन्हा उभी.

"छान," अमरसिंह म्हणाले. "आता सांगा, झालं काय होतं?"

गैबीभाईंनी खोलीतली नोंदवही उघडून पुढे केली. कँटीनमधून येताच त्यांनी त्यात स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'पूजेच्या वेळी चालू कपाटातून दोन डिस्क बाहेर काढल्या गेल्या. कपाटाची किल्ली कपाटालाच लटकलेली होती. ती तशी ठेवणारा मी. जीव डिस्कमध्ये आहे असं सांगून, चालू असताना तिला हात लावू नये हे न सांगणाराही मी.' खाली त्यांची सही होती.

"हे 'काढल्या गेल्या' म्हणजे काय? आपोआप चालत बाहेर आल्या?"

"मी काढल्या सायेब," ज्ञानू पुढे होत म्हणाला. "दुपारी खोटं बोललो. कागदाला भ्यालो."

अमरसिंहांनी त्याच्याकडे आणि मग वहीकडे पाहिलं. "एकोणीस वर्षं झाली तुला. एवढी वर्षं हात आवरलास, एक दिवस अजून आवरला असतास तर?"

"आवरत न्हवता सायेब. आनंद झालता."

अमरसिंहांनी नोंदवही मिटली.

"बोलायचं तर पुष्कळ आहे, पण नोंद परत आली तर ठीक असं मी म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले. "आली. पण शिकलगार, ही किल्ली आता तुम्ही कोल्हापूरला घेऊन जायची."

"नको साहेब. रात्री-अपरात्री लागली तर मी कुठून आणू? ज्ञानूकडे द्या."

"याच्याकडे?"

"डिस्क चालू असताना काढली तर काय होतं, हे या कारखान्यात दोनच माणसांना पक्कं ठाऊक आहे. एक मी. आणि मी एसटीनं येतो."

स्वप्नाली आधी हसली. मग अमरसिंहही हसले, पण तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला उठला, त्याच्या कार्डाने नवं चित्र वाचलं आणि धाकट्याशी त्याची ओळख पूर्ववत झाली. अकरा जणांना कागद मिळाले. ज्ञानूने आपला कागद चार घड्या घालून किल्लीच्या जुडग्याबरोबर सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि आपट्याची पानं घेऊन गैबीभाईंपुढे आला. सोनं देऊन पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याला वरच्यावर धरलं. "पाया कसला पडतोस? तू माझ्याकडनं वायरीचं काढून घेतलंस. कुणाला सांगू नको म्हणजे झालं."

"सांगत न्हाय," ज्ञानू म्हणाला. आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वप्नालीला सांगितलं. त्याचं गैबीभाईंना वाईट वाटलं नाही. उलट घरी गेल्यावर त्यांनी माळ्यावरची ती जुनी वायर काढली, तपासली, चांगली निघाली, आणि पुढच्या खेपेला कारखान्यात नेऊन जादा म्हणून ठेवून दिली.

*

याला आता तीन वर्षं झाली. जोडी अजून चालते आहे. गुलालाची डिस्क दीड वर्षाने वयोमानानुसार खरोखरच गेली. एकटीच गेली, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही. गैबीभाईंनी तिच्या जागी दुसरी बसवली. जुनी डिस्क भंगारात न टाकता त्यांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ज्ञानूला दिली.

"ही तुझी. खंडेनवमीला हिची पूजा. पाहिजे तेवढी पूस, आंघोळ घाल, नैवेद्य दाखव."

ज्ञानूने तिच्यासाठी शिसवीचा छोटा पाट करून घेतला आहे. खंडेनवमीला गैबीभाई सकाळच्या पहिल्या एसटीने येतात. आल्यावर आधी कपाटाचं कुलूप ओढून बघतात. मग खुर्ची घेऊन बाजूला बसतात. ज्ञानू पाटावरच्या डिस्कला गुलाल लावतो, त्यानंतर थोरला आणि धाकटा यांच्या अंगाला हळद-कुंकू. दरवर्षी तो विचारतो, "भाई, क्रम बरोबर हाय न्हवं?" आणि गैबीभाई वहीत बघितल्यासारखं करून सांगतात, "बरोबर हाय. पुढं चाल."